वर्षभराच्या लेखनाचा हिशेब

गेल्या जानेवारीत मी लेखनाची तीन उद्दिष्टे ठरवली होती: कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण करणे, दिवाळी अंकांसाठी कथा वेळेत पाठवणे आणि जुन्या कथांपैकी एखादी पुन्हा हाती घेऊन ती नीट करणे. वर्ष संपताना पाहते, तर पहिले उद्दिष्ट अर्ध्यावर आहे, दुसरे जेमतेम साधले आहे आणि यादीत सर्वांत शेवटी असलेल्या तिसऱ्यानेच सर्वाधिक वेळ घेतला आहे.

इथे अमेरिकेत बरेच लेखक आपली उद्दिष्टे आकड्यांत ठरवतात आणि चारचौघांत सांगतात. मी ज्या लेखकगटात जाते तो सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका खोलीत भरतो. वर्षाच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक जण आपला संकल्प फळ्यावर लिहितो आणि डिसेंबरमध्ये त्याच यादीवरून प्रत्येकाला विचारणा होते. आपल्याकडे कथा छापून येईपर्यंत तिच्याविषयी फारसे न बोलण्याकडे कल असतो, त्यामुळे हा उघडा हिशेब मला आरंभी काहीसा उद्धट वाटे. त्याची उपयुक्तता आता पटली आहे, कारण ‘चाललंय हळूहळू’ एवढ्या उत्तरावर तिथे कोणी सोडत नाही.

या आकडेवारीला मोठे बळ मिळाले ते ‘नॅनोरायमो’ या उपक्रमामुळे. १९९९ मध्ये क्रिस बेटी यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात काही मित्रांसह तो सुरू केला आणि पुढे नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहिण्याचे आव्हान जगभर पसरले. ही संस्था बंद होत असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले, तरी दिवसाला १,६६७ शब्दांचे तिचे गणित इथल्या लेखकांच्या तोंडी अजून आहे. मराठीत लिहिणाऱ्याने मात्र हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. संगणक दोन मोकळ्या जागांमधले अक्षरसमूह मोजतो आणि आपले विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामालाच चिकटून येतात. ‘घरासमोरच्या अंगणातून’ हे त्याच्या लेखी दोनच शब्द, तर तेवढाच मजकूर इंग्रजीत सात-आठ शब्दांचा होतो. म्हणजे गटातल्या इतरांइतकीच पाने लिहूनही मराठी लेखक आकड्यांत मागे दिसतो. कादंबरीचे लक्ष्य मी वर्षाच्या मध्यावर शब्दांऐवजी प्रकरणांत मोजू लागले ते यासाठीच.

शब्द मोजण्याची सवय अर्थात जुनीच आहे. टपाल खात्यात नोकरी करणारा इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पहाटे उठून घड्याळ समोर ठेवी आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिही. १८८३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हे स्वतःच सांगितले आहे. मला अधिक बोलके वाटते ते अमेरिकी कादंबरीकार हेमिंग्वेचे उदाहरण. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत, तो रोजच्या शब्दांचा आकडा पुठ्ठ्यावरच्या तक्त्यात कसा मांडे, याचे वर्णन आहे. आणि एका कादंबरीचे शेवटचे पान आपण ३९ वेळा लिहिले, असेही तो त्याच मुलाखतीत सांगतो. त्या ३९ वेळांची नोंद तसल्या तक्त्यात कोणत्या रकान्यात करायची, हा प्रश्न मला वर्षभर पडलेला आहे.

कारण माझे तिसरे उद्दिष्ट नेमके तशाच कामाचे होते. निवृत्त तलाठ्यावरच्या एका जुन्या कथेची पहिली दोन पाने त्याच्या घराच्या वर्णनात खर्च झाली होती. ती काढून कथा थेट तहसील कचेरीच्या दारात सुरू केली, तेव्हा घराविषयी वाचकाला सांगणारे कोणीच उरले नाही आणि तोवर केवळ दार उघडण्यापुरती येणारी त्याची बायको बोलू लागली. ती बोलू लागताच नवऱ्याने दडवलेली एक गोष्ट तिला आधीपासून ठाऊक असली पाहिजे, हे उघड झाले आणि त्यामुळे शेवट बदलावा लागला. शब्दसंख्येच्या हिशेबात हे सारे आठवडे उणे आहेत. माझ्या मते वर्षातले सर्वांत भरीव लेखन तेच होते.

कथा पाठवण्याचा अनुभव वेगळा आहे. अमेरिकी लेखिका किम लिआओ यांच्या २०१६ मधील एका लेखानंतर वर्षाला १०० नकार मिळवण्याचे उद्दिष्ट इथे बरेच लेखक ठेवतात. स्वीकृती आपल्या हाती नसते आणि पाठवणे असते, या दृष्टीने ती कल्पना शहाणपणाची आहे. शिवाय इथली अनेक नियतकालिके एकच कथा एकाच वेळी इतरत्र पाठवण्यास हरकत घेत नाहीत. मराठीत तसे करणे शिष्टसंमत नाही. उत्तर येईपर्यंत कथा अडकून राहते आणि नकार अनेकदा पत्राने न येता मौनानेच कळवला जातो, तेव्हा शंभराचा आकडा गाठायचा तरी कसा? त्यात दिवाळी अंकांसाठीचे साहित्य पावसाळ्यातच द्यावे लागते. कथालेखकाचे वर्ष त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येच संपते, आणि जानेवारीत ‘वर्षभरात’ म्हणून ठरवलेल्या गोष्टींना प्रत्यक्षात सहा-सात महिनेच मिळतात.

येत्या वर्षाची यादी म्हणूनच दोन भागांत केली आहे. जूनअखेरपर्यंत नव्या कथा आणि त्यांचे पुनर्लेखन, तर जुलैपासून फक्त कादंबरी, प्रकरणागणिक. पुनर्लेखनासाठी शब्दांचे लक्ष्य ठेवलेले नाही. त्यासाठी सकाळचे ठरावीक तास राखले आहेत. गटाच्या फळ्यावर आकड्याची जागा या वेळी रिकामी राहणार आहे आणि त्याबद्दल मला पहिल्याच बैठकीत प्रश्न विचारला जाईल, याची खात्री आहे.