तुम्ही विचारलंत म्हणून: कॅसेटवाल्या डब्यासाठी नवं कोडं कशाला?

"मोबाईलमध्ये फुकटचे हजार गेम पडलेत, आणि तुम्ही त्या कॅसेटवाल्या डब्यासाठी नवा गेम कशाला बनवताय ओ?" सोलापूरच्या नवी पेठेतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जवळजवळ प्रत्येक नवं गिऱ्हाईक हे विचारतं. चार्जिंगचा जॅक बदलून होईपर्यंत त्याला उभं राहायचं असतं, मागच्या जुन्या टीव्हीवर मी बनवलेला गठ्ठे ढकलायचा खेळ चालू दिसतो, आणि विषय निघतो. हातात सोल्डरिंग गन असताना देता येईल एवढं छोटं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून सवडीनं लिहितोय.

पुष्कळदा उत्तरही गिऱ्हाईकच देऊन टाकतं. "लहानपणीच्या आठवणी, दुसरं काय!" तसं अजिबात नाही. माझ्या लहानपणीच्या कॅसेटी गड्ड्याच्या जत्रेत घेतलेल्या. वर '९९९९ इन १' छापलेलं, आत मूठभर गेम, तेच पुन्हा पुन्हा, नाव तेवढं वेगळं. सगळा नकली माल. त्यासाठी माझा गळा दाटून येत नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी त्यातले निम्मे गेम आज तासभर खेळून दाखवावेत, मग बोलू.

आधी डबा म्हणजे काय ते सांगतो. निन्टेंडो या जपानी कंपनीनं जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं. अमेरिकेत तेच १९८५ मध्ये एनईएस म्हणून, वेगळ्या खोक्यातून गेलं. आपल्या घरांत नव्वदच्या दशकात जे आलं ते बहुतेक या यंत्राच्या नकला. आतला प्रोसेसर ६५०२ जातीचा, सेकंदाला साधारण १८ लाख ठोके. कामाची मेमरी २ केबी, पडद्याच्या मांडणीसाठी वेगळी २ केबी. कॅसेटमध्ये जादा सर्किट नसेल तर प्रोग्रामला ३२ केबी आणि चित्रांच्या तुकड्यांना ८. झाले चाळीस. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ प्रभात'चा फोटो याहून जड असतो.

या डब्यावर एकट्या माणसाला एक गोष्ट पुरी करता येते, हे माझं उत्तर. पुरी म्हणजे पुरी. मोबाईलवर गेम टाकला की त्याच्या मागे धावावं लागतं. सिस्टिम बदलते, पडद्यांचे आकार बदलतात, नियम बदलतात, आणि दोन वर्षांपूर्वी नीट चालणारं काम आपण हात न लावता बंद पडतं. इथे यंत्र बदलायचं थांबून जमाना झाला. २ केबी मेमरीत कुठे काय ठेवलंय ते वहीच्या एका पानावर मावतं. (बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा मावेल एवढी जागा, आणि १०२४ बाइटांचा एक केबी.) पहिले २५६ बाइट घाईच्या कामाला, पुढचे २५६ प्रोसेसरच्या स्वतःच्या चळतीला, म्हणजे अर्धवट कामांच्या नोंदीला, त्यापुढचे २५६ पडद्यावर हलणाऱ्या चौसष्ट बाहुल्यांना. उरलं ते माझं. ते पान मी काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवलंय. कुणाला ते हिशेबाचं वाटतं, आणि तसं ते आहेही.

मग कोडंच का, मारामारी का नाही? कारण एकट्याला पुरं करता येण्यासारखं तेवढंच आहे. मारामारीच्या गेमला चित्रं लागतात, आणि चित्रं काढायला माणसं लागतात. कोड्याला नियम लागतो. नियमाला जागा लागत नाही.

पडदाही कोड्याच्या बाजूचा आहे. रुंदी २५६ ठिपके, उंची २४०. पार्श्वभूमीला रंग द्यायचा तर तो सोळा बाय सोळाच्या चौकोनालाच देता येतो. अशा चौकोनाला चारपैकी एक रंगसंच मिळतो, आणि संचात तीन रंग, शिवाय सगळ्यांचा मिळून एक मागचा. उड्या मारायच्या गेमचा चित्रकार या नियमाला शिव्या घालतो, कारण झाडाचा हिरवा शेजारच्या दगडावर सांडतो. मी माझ्या गेममधल्या गोदामाचा प्रत्येक खण नेमका सोळा बाय सोळाचा धरला. आडवे सोळा, उभे पंधरा. म्हणजे गठ्ठा कुठे आहे हे एका बाइटमध्ये बसतं, अर्ध्यात स्तंभ, अर्ध्यात ओळ. २४० खणांपैकी भिंत कुठे आणि मोकळं कुठे हे तीस बाइटांत. एक अख्खी पातळी, म्हणजे गेमची एक लेव्हल, पन्नासेक बाइटांत आटोपते. शंभर पातळ्या केल्या तरी पाच केबी.

खेळाचा मूळ साचा माझा नाही. पेट्या ढकलायचं सोकोबान हिरोयुकी इमाबायाशी यांनी रचलं, आणि १९८२ मध्ये ते थिंकिंग रॅबिट या जपानी कंपनीनं काढलं. ढकलता येतं, ओढता येत नाही, एवढाच नियम. त्यावर किती खोल जाता येतं बघा: १९९७ मध्ये जोसेफ कल्बर्सन यांनी सिद्ध केलं की हे कोडं सर्वसाधारणपणे सोडवणं गणिताच्या भाषेत अतिशय अवघड वर्गात मोडतं. माझ्या गेममध्ये पेट्यांच्या जागी सुताचे गठ्ठे आहेत, आणि ज्या रंगाचा गठ्ठा त्याच रंगाच्या विणायच्या मागापाशी न्यायचा. रंग तीनच. रंगसंच चार, त्यातला एक भिंतींनी खाल्ला, उरले तीन. हा निर्णय मी घेतला असं म्हणायला काही अर्थ नाही.

या रंगांचं प्रकरण पहिल्या फटक्यात कळलेला माणूस म्हणजे साखर पेठेतले अण्णा. आयुष्यभर त्यांनी चादरींच्या नक्षीचं काम केलं. ग्राफच्या कागदावर चौकट चौकट भरायची आणि मग नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागासाठी कार्डाला भोकं पाडायची. एका कार्डावर आडव्या धाग्याच्या एका फेरीचा हुकूम. आता ते काम कॉम्प्युटरवर होतं, अण्णा घरी असतात आणि दुपारी ऊन कमी झालं की दुकानात येऊन बसतात. मी त्यांना सोळा बाय सोळाची भानगड समजावू लागलो, तर म्हणाले, "म्हणजे एवढ्या घरात तीनच रंगाचं सूत. मग त्यात काय एवढं? आम्हाला कुणी जास्त दिलं होतं?"

अण्णांनी जन्मात व्हिडिओ गेम खेळलेला नव्हता. आता माझी प्रत्येक पातळी आधी त्यांच्या हातून जाते, आणि त्यांच्याइतका कडक परीक्षक मला इंटरनेटवरही भेटलेला नाही. ते रिमोट हातात धरतच नाहीत. आधी नुसते बघत बसतात. मग मागांपासून सुरुवात करून मागं मागं येतात. हा गठ्ठा इथे पोचला तर त्याआधी तो कुठे असणार, आणि ढकलणारा कुठे उभा असणार. एका पातळीत मी खालच्या कोपऱ्यात दोन खण मोकळे सोडले होते, बघणाऱ्याला चकवा म्हणून. अण्णांनी बोट ठेवलं. "हे घर कशाला रे?" म्हटलं, चुकावं म्हणून. "कोपऱ्यात गेलेला गठ्ठा परत निघत नाही हे पोराला दुसऱ्याच डावात कळतं. मग तिथं कोण जातंय? उगं जागा खाल्लीस." खण बुजवले, आणि पातळी जास्त अवघड झाली. मोकळी जागा कमी झाली की वाटा कमी होतात, पण ढकलायला मागे उभं राहायची जागासुद्धा जाते. हे मी कुठल्याही लेखात वाचलेलं नव्हतं.

चकवा आणि कोडं यांत मी तेव्हापासून फरक करतो. सगळं डोळ्यांसमोर आहे आणि तरी दिसत नाही, ते कोडं. लपवून ठेवलंय म्हणून दिसत नाही, तो चकवा. मोबाईलवरच्या कोड्यांत आजकाल दुसराच प्रकार जास्त, आणि अडलात की जाहिरात बघा.

यंत्राच्या बाजूनं एक चाल म्हणजे किती काम, तेही सांगतो. टीव्हीचा किरण पडद्याच्या तळाशी पोचून परत वर जाईपर्यंतच चित्र बदलता येतं. तेवढ्या वेळात प्रोसेसरचे २२७० च्या आसपास ठोके पडतात. धावत्या गेमला ते पुरत नाहीत. माझ्या गेममध्ये एक गठ्ठा सरकला की दोन खण बदलतात: खणाला चार म्हणजे आठ तुकडे, आणि फार तर रंगाचे दोन बाइट. यंत्र बाकीचा वेळ आरामात बसून असतं, डोकं खाजवायचं काम माणसाकडे.

आणि ५०-६० चं लफडं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रं. जपान-अमेरिकेत ६०. तिकडचा उड्या मारायचा गेम इकडच्या डब्यावर सहाव्या हिश्श्यानं मंदावतो, आणि लिहिणाऱ्यानं जुळवलेला सगळा ताल बिघडतो. कोड्याला त्याचं सोयरसुतक नाही. फक्त संगीत रेंगाळतं. त्यातून बऱ्याच नकली चिपांमध्ये आवाजाच्या दोन ढबी आपसांत बदललेल्या असतात, म्हणून मी सूर कॉम्प्युटरवर पक्का करतच नाही, डब्यावरच ऐकतो.

चाल मागे घेण्याची सोय मात्र मी हट्टानं ठेवली. एका चालीला एक बाइट, एकूण २५६. आठ बिटांचा आकडा २५५ नंतर आपोआप शून्यावर येतो, त्यामुळे जुन्या चाली न सांगता गळून पडतात. यासाठी वेगळी ओळसुद्धा लिहावी लागली नाही. असं काही जमलं की मी उगाचच दिवसभर खूश असतो.

खेळ जपून ठेवायला या कॅसेटमध्ये सोय नाही, बॅटरी घालावी लागते. उन्हाळ्यात भर दुपारी लाईट गेली की सगळं साफ. म्हणून प्रत्येक पातळीला चार अक्षरांचा परवलीचा शब्द आहे. पोरं तो हातावर लिहून घेतात.

दुसरा गेम दिव्यांचा आहे, त्याचं थोडक्यात. १९९५ च्या लाइट्स आउट या खेळण्याचा नियम: पाच बाय पाच दिवे, एक दाबला की तो आणि त्याचे लगतचे, फार तर चार, शेजारी उलटतात, आणि सगळे विझवायचे. दिव्यांच्या मांडण्या होतात ३,३५,५४,४३२. त्यातल्या बरोबर एक चतुर्थांशच, म्हणजे ८३,८८,६०८, सुटतात. डोळे झाकून दिवे लावले तर चारातल्या तीन वेळा तुम्ही माणसाला न सुटणारं कोडं देऊन बसवलंत. उपाय सोपा: सगळे विझलेल्या पडद्यापासून सुरू करायचं आणि यंत्रानंच वाटेल तशी बटणं दाबायची. ज्या वाटेनं गेलो तिनं परत येता येतंच. वाटेल तशी म्हणजे कशी, कारण यंत्रात घड्याळ नाही? खेळणारा सुरुवातीचं बटण दाबेपर्यंत किती चित्रं गेली ते मोजायचं. माणसाचा उशीर हाच फासा.

हे वेड सोलापुरात एकट्याचं असलं तरी जगात नवं नाही. अटारी २६०० हे १९७७ चं यंत्र, त्यात कामाची मेमरी सगळी मिळून १२८ बाइट. त्यासाठी एड फेडरमायर यांनी १९९५ मध्ये, कंपनीनं ते यंत्र सोडून दिल्यावर, एडट्रिस २६०० हा ठोकळे रचायचा गेम घरी बसून लिहिला. घरगुती गेमांच्या या परंपरेतल्या अगदी पहिल्यांपैकी तो, आणि तो कोड्याचाच होता. एनईएससाठी 'शिरु' या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरचा २०११ चा लॅन मास्टर बघा: तारांचे तुकडे फिरवून सगळे कॉम्प्युटर जोडायचे. त्यानं केलेली सी भाषेची लायब्ररी, म्हणजे तयार कामांचा संच, आजही नवशिक्यांच्या हातात पहिली पडते.

पैसे मिळतात का? जॅक बदलून मिळतात.

चिप भरायची म्हणजे काय, हे विचारणारे थोडे, पण मला सांगायला आवडतं. जत्रेतली स्वस्त कॅसेट उघडली तर काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली चिप पुरलेली असते, ती काही कामाची नाही. पाय असलेल्या चिपांची जुनी पट्टी शोधावी लागते. त्यावर प्रोग्रामसाठी २७सी२५६ आणि चित्रांसाठी २७सी६४. या चिपांना वर काचेची खिडकी असते. अतिनील दिव्याखाली धरली की आतलं पुसलं जातं. भरून झाली की खिडकीवर स्टिकर. तो स्टिकर लावायचा तेव्हा मला नीट कळतं की आता यात काही बदलणार नाही. उद्या सुधारू, परवा अपडेट देऊ, असलं काही नाही. त्यामुळे लावण्याआधी अण्णांकडून शंभरच्या शंभर पातळ्या सोडवून घेतो, आणि शेजारच्या शाळकरी भाचीकडूनही, कारण ती अण्णांसारखा विचार करत नाही, नुसती ढकलत सुटते, आणि कोड्यातली गळती तिलाच सापडते.

तुम्हाला करून बघायचं असेल तर कॉम्प्युटरला फार दम लागत नाही. सीए६५ हा असेंब्लर (लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा), मेसेन हा इम्युलेटर (डब्याची कॉम्प्युटरवरची नक्कल), संगीताला फॅमिट्रॅकर, सगळं फुकट आहे. सुरुवातीला गेमचं नाव काढू नका. पडद्यावर एक तुकडा दाखवा, मग बटण दाबल्यावर तो एक खण सरकवा. एवढं झालं की पुढचं सुचतं. आणि कॅसेट हवीच असेल तर दुकानात येण्याआधी आपल्या डब्याची खाच बघून या: आपल्याकडचे बहुतेक ६० पिनांचे, पण अमेरिका-युरोपातून कुणी भावानं आणलेला असेल तर तो ७२ चा निघतो. त्यात कुलपाची एक वेगळी चिपही असते, आणि माझी कॅसेट त्यात चालत नाही.