ओल्या ओंडक्यांवरचे पेले

बुरशी बघायला निघालेल्या माणसाबरोबर अंतर कापायची आशा धरू नये. ओढ्याकाठच्या त्या वाटेवर आम्ही सकाळी निघालो आणि दुपार कलली तरी पहिलं वळण काही ओलांडलं नव्हतं. रात्री पाऊस झाला होता. कुजके ओंडके पाणी पिऊन मऊ पडलेले, आणि त्यांच्यावर कप बुरशीचे, म्हणजे पेल्याच्या आकाराच्या बुरशीचे, मोहरीएवढाले पेले. उभ्याने काहीच दिसत नाही. गुडघे टेकायचे, दहापटीचं भिंग अगदी डोळ्याला लावायचं आणि लाकूडच भिंगाजवळ आणायचं.

शेंदरी बशी आणि काठाला काळपट ताठ केस दिसले, की ती स्कुटेलिनिया नावाची कप बुरशी. जागेवर एवढंच सांगावं. पुढची जात बीजाणूंवरचे उंचवटे, केसांची लांबी आणि केसांच्या बुडाशी फुटलेली मुळं पाहून ठरते; नुसत्या फोटोवरून जात सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं. एका ओंडक्याचं लाकूडच निळसर-हिरवं झालं होतं. हा क्लोरोसिबोरिया या दुसऱ्या कप बुरशीचा रंग. बहुतेक वेळा फक्त डागच सापडतात, इथे सालीखाली हिरवे पेलेही होते. त्यातल्या दोन जाती दिसायला जवळपास सारख्या, पण एरुजिनॅसेन्सचे बीजाणू साधारण 6 ते 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, तर एरुजिनोसाचे 9 ते 14.

मुक्कामी पोचल्यावर ओले कपडेही न बदलता सूक्ष्मदर्शक मांडला. घाई होती, कारण हे पेले जिवंत असतानाच, साध्या पाण्यात बघायचे असतात. जर्मन अभ्यासक हान्स-ओटो बाराल यांनी 1992 मध्ये हे ठासून मांडलं: पेशी मेली की तिच्या आतलं बरंच काही पुसलं जातं, बीजाणूतले तेलाचे थेंबसुद्धा बदलतात. म्हणून आधी पाणी. पोटॅश आणि आयोडीन ही रसायनं नंतर. ब्लेडने पेल्याचा केसाइतका पातळ काप काढला, वर कव्हरस्लिप ठेवून हलकेच दाबली. लांबट नळ्या उभ्या, प्रत्येकीत आठ बीजाणू. या नळ्या म्हणजे ॲस्कस. स्कुटेलिनियात नळीच्या टोकाला झाकण असतं आणि ते उघडून बीजाणू उडतात. क्लोरोसिबोरियात झाकण नाही, बारीक छिद्र. पेला कोणत्या घराण्यातला हे इथेच कळतं. मोजमाप मात्र बाहेर उडालेल्या बीजाणूंचंच घ्यावं. नळीतले कच्चे असू शकतात, आणि स्कुटेलिनियाचे उंचवटे तर उशिराच उमटतात. कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रव्यात ते नीट दिसतात.

खरी गंमत एका वाळक्या काडीवरच्या पांढऱ्या, केसाळ पेल्यांनी केली. भिंगातून लॅक्नम ही केसाळ कप बुरशीच वाटावी असे, फक्त दांडा कुठे सापडेना. लॅक्नम असेल तर भाल्याच्या पात्यासारखे टोकदार पॅराफायसिस, म्हणजे ॲस्कसच्या मधले वांझ धागे, ॲस्कसच्या वर डोकावायला हवेत. काप पाण्यात ठेवला, तर ॲस्कसच नाही! त्याजागी गदेसारख्या जाड पेशी, डोक्यावर शिंगं आणि बीजाणू आत नाहीत, त्या शिंगांवर बाहेर. म्हणजे हा कप बुरशीचं सोंग घेतलेला लॅक्नेला. घराणं छत्रीवाल्या अळिंबांचं, रूप पेल्याचं.

पाकिटावर तेवढं नाव घातलं आणि काडी कोणत्या झुडपाची तेही लिहून ठेवलं. ते राहिलं असतं तर पुढे जात ठरवताना अडलंच असतं.