इंग्रजी क्रियाविशेषण कुठे बसवायचं? माझा अनुभव

तहसील कचेरीबाहेर स्टॅम्प पेपरवर जी प्रतिज्ञापत्रं टाइप होतात, त्यांतलं एक वाक्य तिथल्या प्रत्येक टायपिस्टला तोंडपाठ असतं: ‘आय डू हिअरबाय सॉलेम्नली अफर्म...’ यातले ‘हिअरबाय’ आणि ‘सॉलेम्नली’ हे दोघं ‘डू’ आणि ‘अफर्म’च्या मधेच का बसले, असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘फॉरमॅटच तसा आहे.’ मीही बरीच वर्षं फॉरमॅटच्या भरवशावर होते. पुढे साताऱ्यात एका वकिलांकडे मराठी कागदांचं इंग्रजी करून देण्याचं काम मिळालं. खरेदीखतं, नोटिसा, साक्षीदारांचे जबाब. या कामात फॉरमॅट दोन ओळींत संपतो, पुढचं वाक्य आपलं आपल्यालाच रचावं लागतं.

आमची पिढी पाचवीत एबीसीडी गिरवणारी. सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं ते २००० साली, तोवर आम्ही शाळेतून बाहेर पडलो होतो. क्रियाविशेषणाची व्याख्या पाठ होती, शेवटी ‘ली’ येणाऱ्या शब्दांची यादी पाठ होती. ते वाक्यात ठेवायचं कुठे, यावर शाळेत एक तासही झाल्याचं आठवत नाही.

ऑफिसात माझे कागद तपासायला आण्णा होते, कोर्टातून निवृत्त झालेले स्टेनो. ते शब्द खोडत नसत. शिसपेन्सिलीने शब्दाभोवती गोल काढायचा आणि तिथून जिथे तो जायला हवा तिथपर्यंत बाण. सुरुवातीची माझी पानं म्हणजे नुसते बाण.

“अगं, शब्द बरोबर आहे. जागा बघ,” एवढंच म्हणायचे.

पहिला बाण समजायला सोपा होता. ‘प्रतिवादीने भाडं नियमितपणे भरलं’ हे सरळ मराठी. यात ‘नियमितपणे’ भाडं आणि भरणं यांच्या मधे बसलंय आणि कुणाला काही खटकत नाही. इंग्रजीत क्रियापद आधी आणि कर्म नंतर, एवढी उलटापालट आपण करतो, पण मधला मधेच राहतो: ‘पेड रेग्युलरली द रेंट’. तिथे ते चालत नाही. ‘रेग्युलरली पेड द रेंट’ म्हणा किंवा ‘पेड द रेंट रेग्युलरली’ म्हणा. आण्णांच्या भाषेत, एसटीत दोघांच्या सीटवर तिसऱ्याने घुसायचं नाही. ‘आय लाइक व्हेरी मच टी’ ऐकलं की इंग्रजांना का हसू येतं, ते मला तेव्हा कळलं. कर्म दोन-तीन ओळींचं लांबलचक असेल तर मात्र क्रियाविशेषण मधे आलेलं चालतं. नाहीतर ते बिचारं पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडेल.

दुसरा टप्पा सहायक क्रियापदांचा. ‘ऑफन’, ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’ ही मंडळी मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, पण ‘इज’, ‘वॉज’ एकटं असेल तर त्याच्या नंतर: ‘ही ऑफन कम्स लेट’, पण ‘ही इज ऑफन लेट’. इथवर कुठल्याही गाइडात मिळतं. कोर्टाच्या कागदात मात्र कर्मणी प्रयोगाचा सुळसुळाट असतो आणि सहायक क्रियापदं दोन-दोन, तीन-तीन येतात. ‘त्याला कधीच नोटीस दिली गेलेली नाही’ याला ‘ही हॅज नेव्हर बीन सर्व्ड विथ अ नोटीस’. ‘नेव्हर’ पहिल्या सहायकाला चिकटतो. आणि ‘दस्त रीतसर नोंदला गेला आहे’ याला ‘हॅज बीन ड्यूली रजिस्टर्ड’. इथे ‘ड्यूली’ दोन्ही सहायक ओलांडून थेट ‘रजिस्टर्ड’पाशी. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून आण्णांना विचारलं, हा फरक का? ते म्हणाले, “कधी, किती वेळा, ते पुढे. कसं, ते कामाला चिकटून.” मी हेच वहीत लिहून घेतलं. व्याकरणाच्या पुस्तकांत याला कितीतरी पानं लागतात आणि अपवादही भरपूर आहेत, पण रोजच्या कामाला हे एक वाक्य पुरतं.

खरी मजा, आणि खरी भीती, जबाबांत होती. एका जबाबात फिर्यादी म्हणत होता, ‘त्याने मला फक्त ढकललं.’ म्हणजे मारलं नाही. इंग्रजीत ‘ओन्ली पुश्ड मी’. हाच ‘ओन्ली’ एक घर पुढे सरकवून ‘पुश्ड ओन्ली मी’ केला की बाकीच्यांना सोडून मलाच ढकललं, असं होतं. मराठीत ‘मला फक्त’ आणि ‘फक्त मला’ यांतला फरक आपण झोपेतही ओळखतो, इंग्रजीत तो जाणीवपूर्वक बघावा लागतो.

त्याहून नाजूक म्हणजे नकार. कर्जवसुलीच्या प्रकरणात वाक्य होतं, ‘त्याने मुद्दाम पैसे भरले नाहीत.’ सगळं प्रकरणच त्या ‘मुद्दाम’वर उभं. ‘ही डेलिबरेटली डिड नॉट पे’ म्हटलं तर न भरणं मुद्दाम होतं. ‘ही डिड नॉट डेलिबरेटली पे’ म्हटलं तर नकार ‘मुद्दाम’वर जातो: भरले असतील, पण मुद्दाम नाही. पैसे भरल्याची कबुलीच जणू, आणि तीही आपल्याच पक्षकाराच्या कागदात! ‘आय रिअली डोन्ट नो’ आणि ‘आय डोन्ट रिअली नो’ यांतही हेच. पहिल्यात अजिबात माहीत नाही, दुसऱ्यात नीटसं माहीत नाही. मराठीत ‘नाही’ क्रियापदाच्या नंतर येतं आणि अर्थ आपण आवाजाने सांभाळतो. कागदाला आवाज नसतो.

मग शेवटी टाकावं का, सर्वांत सुरक्षित? मला बरेच दिवस तसं वाटायचं. पण ‘द विटनेस स्टेटेड दॅट ही सॉ द अक्यूज्ड क्लिअरली’ यात ‘क्लिअरली’ कुणाचं? स्पष्ट सांगितलं की स्पष्ट पाहिलं? वाचणारा बहुधा ‘पाहिलं’ला जोडेल. जबाबात तर ‘स्पष्ट सांगितलं’ होतं. ‘क्लिअरली स्टेटेड’ केलं आणि प्रश्न मिटला. दोन क्रियापदं असलेल्या वाक्यात क्रियापदाच्या आधीची जागा शेवटच्या जागेपेक्षा जास्त खात्रीची.

यावर आण्णा नेहमी ओबामांच्या शपथेचा दाखला द्यायचे. अमेरिकेच्या राज्यघटनेत अध्यक्षाच्या शपथेचे शब्द ठरवून दिले आहेत: ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट’. २० जानेवारी २००९ ला सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी शपथ देताना ‘फेथफुली’ वाक्याच्या शेवटी नेला. ओबामा क्षणभर थांबले, रॉबर्ट्स सावरायला गेले आणि अखेर ‘फेथफुली’ शेवटीच उच्चारला गेला. अर्थ तोच होता, तरी दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये खबरदारी म्हणून शपथ पुन्हा घेतली. आपल्या घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतली मंत्र्यांची शपथही याच घाटाची आहे: ‘आय विल फेथफुली अँड कॉन्शिएन्शियसली डिसचार्ज’. क्रियापदाच्या आधी एकाला एक लागून दोन.

एकाच ठिकाणी आण्णांचं आणि माझं जमलं नाही. ‘टू’ आणि क्रियापद यांच्या मधे काही ठेवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. इंग्लंडात कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ मध्ये अशा रचनेवर नाक मुरडलं होतं, इतका हा वाद जुना. इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी १९२६ मध्येच या बंदीचा बाऊ करू नका असं सुचवलं, पण आण्णांना आल्फर्डच जवळचे. मला विचाराल तर ‘टू फुली अंडरस्टँड’ला पर्याय शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं. मात्र हायकोर्टात जाणाऱ्या कागदात मी वाद घालत नाही. आमचे वकीलसाहेब आण्णांच्याच बाजूचे आहेत, आणि कागदाखाली सही त्यांची असते.

आता कुठलाही जबाब इंग्रजीत करून झाला की मी आधी ‘ओन्ली’ आणि ‘नॉट’ शोधते, मग दोन क्रियापदांची वाक्यं बघते. ‘ऑफन’, ‘ऑलवेज’ वगैरे हाताला वळण पडल्यामुळे आपोआप जागेवर बसतात. ‘ऑल्सो’ मात्र अजून वहीत बघून ठरवते.