रात्री साडेनऊ ते दुपारी तीन : एका क्लब डीजेचा अनुभव

आमच्या कराडकडे ‘डीजे’ हा माणूस नसतो, ट्रक असतो. ‘डीजे आला’ म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आली, ‘डीजे लावला’ म्हणजे वरातीसाठी ती भिंत ठरवली आणि ‘डीजे बंद झाला’ म्हणजे पोलीस आले. त्यामुळे २०१४ साली पुण्यातल्या कोरेगाव पार्कमधल्या एका क्लबात मी डीजे म्हणून लागलो, हे घरी सांगितले तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न होता, “ट्रक कुणाचा?” आईने शेजारीपाजारी एवढेच सांगितले की, पोरगा गाण्यांच्या लाइनीत आहे. कॉलेजात असताना दोन हंगाम मी खरोखरच अशा ट्रकवर वायरी ओढल्या होत्या, म्हणून वडिलांना दोषही देता येत नव्हता.

क्लबातले माझे काम साडेनऊला सुरू होई आणि अकराला संपे. रात्रीचे १,५०० रुपये मिळत. या वेळेला ‘वॉर्म-अप’ म्हणतात. मुख्य डीजे येण्यापूर्वी जागा हळूहळू भरेल, आलेली माणसे टेबलावर टिकतील आणि त्यांच्या पायांना आपोआप ठेका सापडेल, इतपतच संगीत वाजवायचे असते. मला हे ठाऊक नव्हते. पहिल्याच आठवड्यात मी दहा वाजता, फ्लोअरवर चार माणसे असताना, त्या वर्षीची सगळ्यांत गाजलेली आणि सगळ्यांत वेगवान गाणी एकामागून एक वाजवून टाकली आणि ती चार माणसे नाचली म्हणून खूशही झालो. मुख्य डीजे आला, त्याने मी वाजवलेल्या गाण्यांची यादी पाहिली आणि शांतपणे म्हणाला, “पंगत बसायच्या आधीच जिलेबी वाढलीस.” त्यानंतर दोन वर्षे मी मिनिटाला ११८ ते १२२ ठोक्यांच्या पलीकडे गेलो नाही, आणि त्याच्या खास गाण्यांना तर हातही लावला नाही.

लोकांना वाटते की डीजे बटण दाबतो आणि हात वर करतो. गाण्यांचे वेग आपोआप जुळवणारे बटण आता यंत्रावर असते, हे खरे आहे. पण वेग जुळणे म्हणजे गाणी जुळणे नव्हे. नृत्यसंगीतातले वाक्य बहुधा आठ किंवा सोळा आवर्तनांचे असते, आणि नवे गाणे त्या वाक्याच्या समेवर आत आले नाही, तर ठोके अचूक असूनही ऐकणाऱ्याला काहीतरी अडखळल्यासारखे वाटते. एका कानाला हेडफोन लावून येणारे गाणे ऐकायचे, दुसरा कान फ्लोअरकडे ठेवायचा, आणि समेच्या क्षणी जुन्या गाण्याचा बेस, म्हणजे खर्जातला आवाज, काढून नव्याचा उघडायचा. दोघांचे बेस एकत्र वाजले की खोलीत नुसता गडगडाट होतो. ही कसरत मी बंद क्लबात, दुपारी, फरशी पुसणाऱ्या मावशींच्या साक्षीने शिकलो. त्या कधी कधी फडके थांबवून माझ्याकडे पाहत, आणि चूक नेमकी तिथेच झालेली असे.

२०१७ पर्यंत मी त्या क्लबाचा रेसिडेंट, म्हणजे ठरलेला डीजे झालो होतो. रात्रीचे सहा हजार मिळत आणि गुरुवार, शुक्रवार व शनिवार माझे होते. मोबाइलच्या पडद्यावर गाण्याचे नाव लिहून तो माझ्या डोळ्यांसमोर धरणाऱ्या पाहुण्यांना नाही न म्हणता नाही कसे म्हणायचे, हेही जमू लागले होते. पण त्याच वर्षी लक्षात आले की मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा आहे आणि वर छत आहे. मी कितीही चांगले वाजवले, तरी दीड वाजता दिवे लागल्यावर बाहेर पडणारा माणूस ‘क्लब छान होता’ असेच म्हणत होता. माझे नाव त्याला ठाऊक असण्याचे काही कारणच नव्हते, कारण मी दिवसरात्र दुसऱ्यांची गाणी वाजवत होतो.

तेव्हा मी जगात गाजलेल्या डीजेंचा प्रवास जरा बारकाईने पाहू लागलो. डेव्हिड गेटाचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटले, कारण तो रातोरात झालेला तारा नाही. १९६७ साली जन्मलेला हा माणूस १९८० च्या दशकापासून पॅरिसच्या क्लबांत वाजवत होता. त्याचा पहिला अल्बम आला २००२ मध्ये, म्हणजे पस्तिशीच्या उंबरठ्यावर. आणि खऱ्या अर्थाने घराघरांत तो पोचला तो २००९ मध्ये, केली रोलंड या गायिकेबरोबर केलेल्या गाण्यामुळे आणि ब्लॅक आइड पीज या अमेरिकी गटासाठी निर्मिलेल्या ‘आय गॉट्टा फीलिंग’मुळे. हे दुसरे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. दोन वर्षांनी डीजे मॅग या मासिकाच्या वाचकांनी त्याला पहिला क्रमांक दिला. उलट टोकाला मार्टिन गॅरिक्स होता, ज्याचे ‘ॲनिमल्स’ २०१३ मध्ये आले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि क्लबात वॉर्म-अपची उमेदवारी करण्याचे त्याचे वयही नव्हते. दोघांच्या वयांत पिढीचे अंतर होते, पण दोघांना फ्लोअरवरून उचलून रेडिओवर नेऊन ठेवले ते हाताने नव्हे, तर स्वतः तयार केलेल्या गाण्याने. गेटाने तर फ्लोअरचा ठेका कायम ठेवून त्यावर गाणारा माणूस उभा केला, आणि माझ्या मते त्याचे सगळे यश त्या एका हिशेबात आहे. शुद्धतावादी त्याला यासाठी अजून नावे ठेवतात. मला त्यात कमीपणा दिसत नाही.

घराजवळचे उदाहरण न्यूक्लियाचे, म्हणजे उदयन सागरचे होते. बंदिश प्रोजेक्ट या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या गटापासून सुरुवात केलेल्या या माणसाने वरातीतला आणि मिरवणुकीतला आवाज, ज्याला क्लबात नाके मुरडली जात होती, तोच आपल्या बेस संगीताचा कणा केला. २०१५ चा ‘बास रानी’ हा अल्बम त्याने मुंबईत गणपती विसर्जनाच्या दिवशी लोकांपुढे आणला, आणि पुढच्या वर्षी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये त्याचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. ते वाचल्यावर मला माझ्या ट्रकची आठवण आली आणि थोडा रागही आला. तो आवाज माझ्या घरासमोरून जात होता आणि मी तो विसरण्यासाठी पुण्याला आलो होतो.

मी हलगी घ्यायची ठरवली. २०१९ च्या चैत्रात, यात्रा आटोपल्यावर, आमच्या शेजारच्या गावातले हलगी वाजवणारे तात्या आणि त्यांच्याबरोबरचे घुमकं हे ढोलासारखे वाद्य आणि झांजेसारखा कैताळ वाजवणारे दोघे यांना मी एका दिवसाचे मानधन ठरवून बोलावले. स्टुडिओ म्हणजे बंद पडलेल्या गुऱ्हाळाची खोली होती, जिच्या भिंतींवर आवाज घुमू नये म्हणून आईच्या चार वाकळा टांगल्या होत्या. पहिली अडचण अशी आली की चामड्याची हलगी जाळावर तापवावी लागते आणि थंड झाली की तिचा आवाज उतरतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटे वाजवायचे, मग दाराबाहेरच्या पाचटाच्या जाळाकडे जायचे, असा क्रम दिवसभर चालला. दुसरी अडचण लयीची होती. हलगी चढत जाते, हाच तिचा धर्म. सुरुवात ११६ ला झाली की दोन मिनिटांत ती १३० च्या पुढे गेलेली असे. मी तात्यांच्या कानांत ठोके देणारा हेडफोन लावला, तो त्यांनी अर्ध्या मिनिटात काढून ठेवला. “कानात खुटखुट करतंय, मला माझं ऐकू येईना,” असे ते म्हणाले. शेवटी मी एका छोट्या स्पीकरवर नुसती किक, म्हणजे नृत्यसंगीतातला ढोलाचा मूळ ठोका, १२६ च्या वेगाने, हळू आवाजात लावून तो त्यांच्या पायाशी ठेवला. त्यांनी डोळे मिटले, पायाने दोनदा जमीन चाचपली आणि मग ते त्या ठोक्याच्या आतबाहेर खेळू लागले. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करणारी ती चाल चौपदरी किकवर अशी बसली की घुमकंवाला हसू लागला.

घरी येऊन मी त्या सुंदर गोष्टीचा सत्यानाश केला. संगणकावर प्रत्येक आघात मोजपट्टीला चिकटवता येतो, म्हणून मी सगळे आघात चिकटवले, आणि तात्यांची हलगी खेळण्यातल्या माकडाच्या डमरूसारखी वाजू लागली. तीन आठवडे मला कळेना की बिघडले कुठे. मग सगळे पुसून फक्त दर चौथ्या आवर्तनाची सम जुळवली आणि मधले आघात जसे पुढेमागे पडले होते तसेच राहू दिले. किक पडताच क्षणभर घुमकं दबावे आणि लगेच वर यावे, अशी जोडणी केली, तेव्हा कुठे दोघांना एकाच खोलीत राहता आले.

पुढची परीक्षा फ्लोअरची होती. गुरुवारी साडेनऊच्या सेटमध्ये, कुणालाही न सांगता, मी ते गाणे मध्येच घालू लागलो. पहिल्या आवृत्तीत ड्रॉप, म्हणजे ठेका पूर्ण जोराने कोसळतो ती जागा, येण्यापूर्वी नुसत्या कैताळाचे बत्तीस आवर्तनांचे लांबलचक कवतिक होते. त्या जागी दर गुरुवारी माणसे बारकडे वळत. सोळा केले, तरी वळत. आठ केले, तेव्हा थांबली. अशा सहा आवृत्त्या झाल्या, आणि रेसिडेंट असण्याचा खरा फायदा मला तेव्हा कळला, कारण ही तपासणी घरातल्या स्पीकरवर कुणालाही करता येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये क्लब बंद झाले आणि मी कराडला परतलो. त्या महिन्यांविषयी सांगण्यासारखे एवढेच की पैसे संपले आणि गाण्याचे मिक्सिंग पूर्ण झाले.

गाणे बाहेर काढणे हे ते तयार करण्यापेक्षा कठीण निघाले. मी एकेचाळीस कंपन्यांना ई-मेल पाठवली, त्यांपैकी दोघांनी उत्तर दिले. एका कंपनीने करार पाठवला, त्यात गाण्याचे सर्व हक्क कायमचे त्यांच्याकडे जाणार होते आणि संगीतकार म्हणून मिळणारी रॉयल्टीसुद्धा मी सोडून द्यायची होती. नाव होण्याच्या घाईत मी सहीसुद्धा केली असती, पण वकिली करणाऱ्या चुलतभावाने दाखवून दिले की २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार संगीतकाराला आणि गीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा असा सोडून देता येत नाही. मी तो करार परत पाठवला, उत्तर आले नाही. मग वितरकामार्फत स्वतःच गाणे काढले, ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक घेतला, संगीतकार म्हणून आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासदत्व घेतले आणि तात्या व त्यांच्या दोन्ही साथीदारांशी वाट्याचा साधा लेखी करार केला. तात्यांनी सही करण्यापूर्वी तो दोनदा वाचून घेतला. माझ्यापेक्षा ते शहाणे होते.

२०२१ च्या अखेरीस आलेले ते गाणे पहिले चार महिने कुणी ऐकले नाही. ते पसरले ते श्रोत्यांमुळे नव्हे, तर इतर डीजेंमुळे. मी ओळखीच्या आणि अनोळखी अशा साठ-सत्तर डीजेंना ते फुकट पाठवले होते. त्यांपैकी एकाने, ज्याचे नाव माझ्यापेक्षा बरेच मोठे आहे, ते बंगळूरच्या एका कार्यक्रमात वाजवले आणि लोकांनी टिपलेला तो तुकडा मोबाइलवरून फिरला. तिथून चक्रे फिरली, आणि २०२२ च्या डिसेंबरात गोव्यातल्या एका महोत्सवाच्या छोट्या मंचावर मला चाळीस मिनिटे मिळाली.

गोव्याच्या किनाऱ्याला या संगीताचे आकर्षण नवे नाही. सनबर्न हा नृत्यसंगीताचा महोत्सव २००७ मध्ये कांदोळीला सुरू झाला. पण उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून मोठी नावे संध्याकाळी वाजवतात आणि माझ्यासारख्यांना दुपारचे ऊन मिळते. माझी वेळ तीनची होती. आठ वर्षे मी काळोखात वाजवले होते. उन्हात यंत्राचा पडदा दिसतच नाही, हे मला कुणी सांगितले नव्हते. मी टोपी काढून पडद्यावर धरली आणि पेन ड्राइव्ह लावला, तर यंत्राने तो वाचलाच नाही. नव्या ड्राइव्हचे फॉरमॅट लॅपटॉपला चालणारे होते, त्या जुन्या यंत्राला नव्हते, आणि मी तो फक्त लॅपटॉपवर तपासला होता. नशिबाने किल्ल्यांच्या जुडग्यात जुना ड्राइव्ह होता, ज्यात दीड वर्षापूर्वीची गाणी होती आणि माझ्या गाण्याची शेवटची नव्हे, चौथी आवृत्ती होती. तीच वाजवली. समोर साठेक माणसे होती, त्यांतली निम्मी सावलीसाठी आलेली. हलगी आली तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका टोळक्याने थेट यात्रेतल्यासारखे हात वर केले. ती मुले सांगलीची होती, हे नंतर कळले.

परत आल्यावर क्लबाच्या मॅनेजरने मानधन वाढवले आणि वेळ बदलून रात्री बारा ते दीड दिली, फलकावर नाव मोठे केले. शुक्रवार आणि शनिवार मी आनंदाने घेतले. गुरुवारची साडेनऊची वेळ मात्र मी मागून माझ्याकडेच ठेवली, जुन्याच दराने, कारण तात्यांबरोबर दुसरे गाणे सुरू आहे आणि त्यातला कैताळ अजून लांब वाटतो.