बाप्तिस्म्याला पंचा धरून

मैत्रिणीला मुलगी झाली त्या संध्याकाळी मी तिच्यापाशी होते. बाळ माझ्या हातात देत ती म्हणाली, "हिची गॉडमदर तू व्हायचंस." मी तिथल्या तिथे हो म्हटलं. गॉडमदर म्हणजे जरा जास्तीची मावशी, एवढीच माझी समजूत. ती रडत होती, मीही रडत होते, आणि बाळ शांत झोपलं होतं.

मी देव मानत नाही. आमच्या घरातली ही दुसरी पिढी. वडील अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात असायचे. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांच्या खुनाची बातमी आली तेव्हा त्यांना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. माझं लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं, दोन हार आणि तीन साक्षीदार. दादरला वाढल्यामुळे पोर्तुगीज चर्च हा माझ्यासाठी बसचा थांबा होता. चार्ल्स कोरियांनी उभी केलेली ती इमारत बाहेरून हजारदा पाहिली असेल, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

मैत्रीण गोराईची, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडची मूळची कॅथलिक. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनची. तिच्या घरात मराठीच बोलतात, तिची आजी शेवटपर्यंत लुगडं नेसायची, आणि तिच्या लग्नात आदल्या दिवशी बँड लावून उंबराचं पाणी आणलं तेव्हा मीही त्या वरातीत नाचले होते. तिचा धर्म वेगळा आहे हे मला माहीत होतं, पण आमच्यामध्ये तो कधी आला नव्हता. यावेळी आला.

आठवड्याभरात मी बाप्तिस्म्याचा विधी वाचायला बसले. नक्की कुठे उभं राहायचं, काय घालायचं, एवढंच बघायचं होतं. वाचता वाचता कळलं की धर्ममातेला, म्हणजे गॉडमदरला, प्रश्न विचारतात आणि तिला मोठ्याने उत्तरं द्यावी लागतात. सैतानाला, त्याच्या कृत्यांना, त्याच्या पोकळ वचनांना नाकारतेस का? सर्वशक्तिमान पित्यावर, येशू ख्रिस्तावर, पवित्र आत्म्यावर श्रद्धा ठेवतेस का? या मुलीला ख्रिस्ताच्या वाटेवर वाढवायला आईवडिलांना साथ देशील का?

दोन दिवस मी स्वतःशीच भांडत होते. भावाच्या मुलीच्या बारशाला मी पाळण्याच्या एका बाजूला उभी राहून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हटलं होतं. तेव्हा काही खटकलं नाही. कानात नाव सांगितलं, पाठीवर हलक्या हाताने धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. मग आताच का अडावं? विचार करता करता लक्षात आलं की बारशाला माझी श्रद्धा कोणी विचारलीच नव्हती. गोविंद-गोपाळ म्हणताना मी कशाचीही ग्वाही देत नव्हते. इथे देवळासारख्या शांत जागेत, शे-दोनशे माणसांसमोर, एका बाळाच्या नावाने मला "होय, मी मानते" म्हणायचं होतं. आणि ते खोटं असणार होतं. ज्यांच्यासाठी ते शब्द जीवाभावाचे आहेत, त्यांच्यासमोर उभं राहून खोटं.

मी तिला फोन केला नाही, घरी गेले. समोर बसून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "नुसतं हो म्हणायचंय गं. कोण तुझं मन उघडून बघणारे?" मी म्हटलं, "तू बघशील." त्यावर तिचं तोंड उतरलं. पुढचे चार दिवस तिने फोन उचलला नाही. त्या चार दिवसांत मला अनेकदा वाटलं, म्हणून टाकावं दोन शब्द, एवढ्या वर्षांच्या मैत्रीपुढे दोन शब्द ते काय. ते जमलं नाही.

पाचव्या दिवशी तिनेच बोलावलं, फादरना भेटायला जाऊ या म्हणून. फादर मध्यमवयीन, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. त्यांनी शांतपणे सांगितलं की मी तयार असते तरी ते शक्य नव्हतं. चर्चच्या १९८३च्या कायद्यानुसार धर्मपालक, म्हणजे गॉडफादर किंवा गॉडमदर, कॅथलिक असावा लागतो, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झालेला असावा लागतो आणि साधारणपणे किमान १६ वर्षांचा. दुसऱ्या पंथाचा बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती माणूस कॅथलिक धर्मपालकाच्या जोडीने साक्षीदार म्हणून चालतो. ज्याचा बाप्तिस्माच झालेला नाही त्याला तेही नाही. मात्र दोन धर्मपालक हवेतच असं नाही, एकावरही भागतं. मैत्रिणीच्या नवऱ्याची बहीण होतीच.

मला हायसं वाटलं, आणि मैत्रिणीकडे बघून वाईटही. दृढीकरणाचा दाखला लागतो हे तिला माहीत होतं. तरीही काहीतरी सवलत मिळेल अशी आशा तिने धरली होती. बाळाच्या आयुष्यात माझं नाव कुठेतरी लिहिलं जावं, एवढंच तिला हवं होतं. तिने तसं फादरसमोरच सांगितलं.

फादरनी मला विचारलं, "तुम्ही येणार ना?" मी म्हटलं, "येणार. पण क्रूसाची खूण करणार नाही, प्रार्थना म्हणणार नाही. चालेल?" ते म्हणाले, "पाहुण्याने घरात येऊन गप्प बसलं तर घरच्यांना राग येत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि पाणी ओतल्यावर बाळाचं डोकं पुसायला कोणीतरी लागतं. पंचा कोणीही धरू शकतं."

मी त्यांना आदिपापाबद्दलही विचारलं, कारण त्याने मी फार अस्वस्थ होते. जन्मून दीड महिना झालेल्या जिवावर कसलं पाप? त्यांनी सांगितलं की चर्चच्या शिकवणीत ते बाळाने केलेलं पाप नाही, माणसाच्या जातीला वारशाने आलेली मोडलेली अवस्था आहे. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. परतताना मैत्रीण म्हणाली की तिच्या मनात पापबीप काही नसतं. ही आता आमची, आमच्या गावाची, आमच्या मेलेल्या माणसांचीही, असं तिला त्या पाण्यातून म्हणायचं असतं. हे मला समजलं.

इथे एक सांगायला हवं. नात्यातल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुझ्याही अंगावर पाणी शिंपडणार की काय?" मला या बोलण्याचा राग येतो. आपल्या मराठी मनात बाप्तिस्मा म्हटलं की १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड टिळक उभे राहतात, आणि मागे राहिलेल्या, सैरभैर झालेल्या लक्ष्मीबाई. बाप्तिस्मा म्हणजे घर तुटणं. तो इतिहास खरा आहे. पोर्तुगीजांच्या काळात साष्टीत, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या भागात, जे घडलं तेही काही सगळं गोड नव्हतं. पण १५३४ साली वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तरी मैत्रिणीची ही माणसं इथेच शेती आणि मासेमारी करत राहिली. ईस्ट इंडियन हे नावही त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, घेतलं. बाहेरून आलेल्या ख्रिस्ती नोकरदारांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून. मैत्रिणीच्या घरात बाप्तिस्म्याने काही तुटत नाही. त्यांच्याकडे ते घरात घेणं आहे.

रविवारी सकाळी बोरिवलीहून गोराईच्या जेट्टीवर गेले. बोटीत माणसांच्या बरोबरीने मोटरसायकली चढतात, त्यात माझ्या हातात पिशवी. पिशवीत चांदीचे वाळे आणि आईच्या कपाटातून घेतलेला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा. क्रूस किंवा जपमाळ द्यायची नाही हे आधीच ठरवलं होतं. ती भेट ज्याची श्रद्धा आहे त्याने द्यावी.

पहिल्यांदा जाणाऱ्यांचा घोटाळा होतो म्हणून सांगते, चपला काढायच्या नसतात. मी दारात काढायला वाकले आणि मैत्रिणीच्या आईने दंड धरून मला उभं केलं. "बाय, अशीच ये आत." दाराशी पवित्र पाण्याचं भांडं असतं, लोक बोटं बुडवून क्रूसाची खूण करतात. मी हात न लावता पुढे गेले. कोणी पाहिलंही नाही.

मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होती. मी तिसऱ्या ओळीत कडेला बसले. सगळे उभे राहिले की उभी राहायचे, बसले की बसायचे. गुडघे टेकायची वेळ आली तेव्हा मी बसून राहिले, थोडी पुढे वाकून, मागच्या बाईंना अडचण होऊ नये म्हणून. उभं राहणं मला मान देणं वाटतं. गुडघे टेकणं ही प्रार्थना आहे. प्रत्येकाची रेघ वेगळी असेल. माझी ही होती आणि ती आधीच ठरवलेली होती, हे बरं झालं. ऐनवेळी ठरवायला गेले असते तर भीडेने काहीही केलं असतं.

सुरुवातीलाच फादरनी बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला, मग आईवडिलांना आणि धर्ममातेला तसंच करायला सांगितलं. आजीआजोबांनीही केलं. आणि मावशींनी, म्हणजे मैत्रिणीच्या आईने, प्रेमाने मला खुणावलं, तूही ये. हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी पुढे गेले आणि बाळाच्या डोक्यावर नुसता तळवा ठेवला. टाळू धडधडत होती. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि माझ्यासाठी जागा करून दिली. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती याच क्षणाची वाटली होती, आणि तो असा गेला.

प्रवचनानंतर संतांची नावं घेत प्रार्थना झाली, मग ते प्रश्न आले. सैतानाला नाकारता का? "नाकारतो." तीनदा. श्रद्धा ठेवता का? "ठेवतो." मैत्रिणीच्या नणंदेचा आवाज खणखणीत होता. तिला हे म्हणायचंच होतं, हे ऐकणाऱ्याला कळत होतं. माझ्या तोंडून तेच शब्द कसे आले असते ते मला तिथे उभं राहून ऐकू आलं आणि मी पंचा घट्ट धरला.

पाणी तीनदा ओततात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. पहिल्या धारेला बाळ दचकलं, दुसरीला ओरडलं, तिसरीला सगळं चर्च हसलं. मी पुढे होऊन डोकं पुसलं, कानामागचं पाणी टिपलं. मग टाळूवर क्रिझम हे पवित्र तेल लावलं. ऑलिव्हचं तेल आणि बाल्सम यांचं ते सुगंधी मिश्रण. पुण्य गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या, सुमारास बिशप एकदा ते अभिमंत्रित करतात आणि धर्मप्रांतातल्या चर्चांमध्ये ते वर्षभर वापरतात. पांढरं वस्त्र अंगावर घातलं. ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून लहान मेणबत्ती पेटवून वडिलांच्या हातात दिली. एवढ्या माणसांनी आळीपाळीने एका बाळाला हात लावावा, तेल-पाणी-उजेड द्यावा आणि नाव घेऊन बोलवावं, यात मला जे भरून आलं त्याला देव लागला नाही. पण देव नसता तर ही माणसं अशी जमली असती का, हा प्रश्न माझ्यापाशी आहे, आणि तो मी गुंडाळून ठेवत नाही.

ख्रिस्तप्रसादाची रांग लागली तेव्हा मी जागेवरच थांबले. तो फक्त त्यांच्यासाठी असतो. आपल्याकडच्या प्रसादासारखा सगळ्यांनी हात पुढे करायचा नसतो. काही चर्चांत हात छातीवर घडी करून पुढे गेलं तर नुसता आशीर्वाद देतात. मला बसून राहणं योग्य वाटलं. पाय बाजूला घेऊन लोकांना वाट करून दिली.

नंतर फादरनी नोंदवही उघडली. बाळाचं, आईवडिलांचं, धर्ममातेचं नाव. माझं अर्थातच नव्हतं. मैत्रीण माझ्याकडे बघत होती.

घरी जेवायला फुगे म्हणजे तळलेले गोल पाव, इंद्याल हे आंबट-तिखट कालवण, आणि ईस्ट इंडियन घरातल्या बॉटल मसाल्यातलं मटण. जेवणाआधी सगळ्यांनी डोळे मिटले, मी ताटाकडे बघत थांबले. जेवणं झाल्यावर मागच्या पडवीत मी मैत्रिणीला एक कागद दिला. जे वचन मला देता येत नव्हतं त्याच्या जागी जी देता येतील ती मी लिहून आणली होती. तुझ्या लेकीला पोहायला मी शिकवीन. महिन्यातला एक शनिवार तिचा. तू आजारी पडलीस, तुम्ही भांडलात, तिला घरी बोलता येईना, तर माझं दार उघडं असेल. तिला चर्चमध्ये जायचं असेल आणि तुला वेळ नसेल तर मी तिला पोचवीन आणि बाहेर थांबेन. आणि तिने कधी मला विचारलं की देव आहे का, तर मी खोटं सांगणार नाही.

शेवटच्या ओळीवर ती थांबली. बराच वेळ कागद धरून बसली.

"आधी मला विचारायला पाठव," ती म्हणाली. "मग तू काय सांगायचं ते सांग."

"बरं."

तिने पेन मागितलं, ते वाक्य स्वतःच्या हाताने खाली लिहिलं आणि कागद बाप्तिस्म्याच्या मेणबत्तीच्या खोक्यात घालून ठेवला. आत बाळ उठलं होतं. मावशी हाक मारत होत्या, पंचा कुठे ठेवलास गं, अजून तेल पुसायचंय.