रिकामी पारी

चतुर्थी, रात्री साडेअकरा

कोणीच हसलं नाही.

मंत्रपुष्पांजली संपली, सगळे डोळे मिटून उभे आणि नेमका तेव्हाच स्टोमा, म्हणजे ऑपरेशनमध्ये पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, वाजला. पुर्रर्र. चांगला लांबलचक. तिथे आवळून धरायला स्नायूच नाही, त्यामुळे त्याला वाटेल तेव्हा तो बोलतो. सदऱ्यावरून हात दाबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. वहिनी लगबगीने फुलं गोळा करायला लागली, दादा निरांजनाची वात सारायला. चिंगीने तोंड उघडलं, तर आईने तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

आणि हे या घरात, जिथे अप्पांच्या पादण्याला आम्ही मार्क द्यायचो!

ऑपरेशनला सहा आठवडे झाले. मोठं आतडं गेलं याचं दुःख नाही, खरंच नाही. नऊ वर्षं रक्त पाडलंन, दिवसातून पंधरा-पंधरा वेळा पळवलंन. स्टोमावरची पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करणं, तीन-चार दिवसांनी फ्लँज, म्हणजे तिची पोटाला चिकटवायची चकती, बदलणं, भोवतालच्या कातडीची आग, मीठ-साखरेचं पाणी, सगळं अंगवळणी पडतंय. पहिल्यांदा तो लाल, ओला गोळा पाहिला तेव्हा मात्र... असो. यंदा पूजेला कोण बसणार, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पण हसायचं तरी! दहाव्याला जमल्यासारखे समजूतदार झालेत सगळे. हसले असते तर मी चिडलो असतो का? असतो बहुतेक. तरी हसायचं.

पानात आईने माझे दोन मोदक वेगळे वाढले, सारणाशिवाय. नारळाचा चोथा अडकला तर पंचाईत, म्हणून नुसती पारी, वर तूप. कळ्या मात्र नेहमीसारख्या, नीट मुरडलेल्या. ती पोकळ पारी बघून गळा दाटून आला. आणि मग काय झालं कोणास ठाऊक, मोठ्याने म्हणून गेलो, "याचंही आतडं काढलं वाटतं."

दादाला ठसका लागला. वहिनी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. आई म्हणाली, "जेवताना काय रे हे," पण तिचे खांदे हलत होते.

आत लहान आतड्याचीच थैली शिवून ठेवलीय. ती नीट भरून आली की दिवाळीनंतर पुन्हा जोडणार. मग वाजायचं की नाही, ते माझ्या हातात. बरंचसं.

चिंगी एवढंच म्हणाली, "आता बोलू का मी?"