आठवडा ९ : शटल ५.०८, प्लिए (बॅलेतले गुडघे वाकवून खाली जाणे) चालू

आज शटल धाव ५.०८ सेकंदांत. सुरुवातीला ५.३४ होते, सहाव्या आठवड्यात ५.१६. स्टॉपवॉच हातातले, त्यात दाबणारा मित्र झोपाळू, म्हणून शतांशांचा आनंद बेतानेच.

नव्या मंडळींसाठी: अमेरिकन फुटबॉलमधली ही ५-१०-५ शटल. मधल्या रेषेवरून पाच यार्ड एका बाजूला, रेषेला हात लावून उलट दहा यार्ड, पुन्हा हात लावून मधल्या रेषेपार. एकूण वीस यार्ड, म्हणजे १८.३ मीटर. ओहायोतल्या आमच्या हौशी फ्लॅग फुटबॉल (पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायची) संघात सरळ धावण्यात मी बरा आहे, पण थांबताच येत नव्हते. ताठ गुडघ्यांनी पावले आपटत रेषेवर जायचो आणि कमरेतून वाकायचो. सगळा वेळ तिथे सांडायचा.

बॅलेच्या वर्गात (नवशिके, दर मंगळवारी, मिशीवाला मी एकटाच) बाईंनी तीन आठवडे जवळजवळ फक्त प्लिए करून घेतले. पाठ सरळ, गुडघे पावलांच्या बोटांच्या रेषेत, सावकाश खाली. उडीनंतर उतरतानाही आधी पंजा, मग टाच, मग गुडघा वाकतो. धप्प आवाज आला की पुन्हा. आता रेषेपाशी मी तसाच खाली बसतो आणि वळणाचा जोर मांड्यांतून येतो. शाळेत खो-खोचे सर ‘आधी बस, मग वळ’ म्हणून ओरडायचे, ते आत्ता समजले.

टर्नआउट (बॅलेत पाय नितंबापासून बाहेर वळवणे) मात्र मैदानात आणू नका. दुसऱ्या आठवड्यात बाहेर वळलेल्या पावलांनी बदकासारखा धावलो: ५.४१!

अमेरिकन फुटबॉलपटू हर्शेल वॉकर १९८८ मध्ये फोर्ट वर्थ बॅलेबरोबर रंगमंचावर उतरला, हे वाचून मी बॅलेच्या वर्गात नाव घातले होते. पण जॉर्जिया विद्यापीठाचा हा गडी १९८२ मध्येच हाइझमन (सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा पुरस्कार) जिंकून बसला होता. त्याचा वेग बॅलेच्या खात्यावर मांडणे म्हणजे उलटी गंगा. झेल घेणारा फुटबॉलपटू लिन स्वान, त्याचे उदाहरण मला जास्त पटते. तो लहानपणीच नाच शिकला, यूएससीकडून (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) खेळला तो नंतर. हवेत अंग वळवून झेल घेताना त्याला पाहा.

डावीकडून सुरुवात केली की दहा यार्डांनंतरचे मोठे वळण उजव्या पायावर येते. त्या बाजूने अजून ५.२७ लागतात. मंगळवारी बाईंना विचारतो. प्लिएच सांगतील बहुतेक.